दूरछायाचित्रण भिंग : पक्षी व वन्यजीव छायाचित्रणातील

दूरवरच्या वस्तूची मोठी प्रतिमा त्या मानाने आखूड कॅमेऱ्यात मिळावी यासाठी योजलेल्या भिंगसंयोगास दूरछायाचित्रण भिंग किंवा टेलिफोटो भिंग म्हणतात. त्याच्या पुढील बाजूस अभिसारी (प्रकाशकिरण एकत्र आणणारा) व त्याच्या मागे काही अंतरावर अपसारी (किरण फाकविणारा) असे भिंगांचे दोन गट असतात. मागील गटामुळे किरण अधिक लांबून आल्याप्रमाणे एकत्र येतात व संयोगाचे केंद्रांतर त्याच्या प्रत्यक्ष लांबीपेक्षा जास्त होते. अशी रचना नसलेले, केवळ मोठ्या केंद्रांतराचे साधे भिंग शास्त्रीय दृष्ट्या या वर्गात मोडत नाही. परंतु व्यवहारात दोहोंनाही एकच नाव रूढ झाले आहे आणि प्रस्तुत लेखात ते त्याच सैल अर्थाने वापरले आहे.

पक्ष्यांच्या छायाचित्रणात अशा भिंगाची गरज का भासते, हे थोड्या हिशोबाने स्पष्ट होईल. लालबुड्या बुलबुलाची लांबी सुमारे २० सेंमी. असते. तो १० मी. अंतरावर बसला असता ५० मिमी. केंद्रांतराच्या, म्हणजे ३५ मिमी. फिल्मच्या कॅमेऱ्यावर सर्रास आढळणाऱ्या भिंगाने त्याची प्रतिमा जेमतेम १ मिमी. लांबीची उमटते. ४०० मिमी. भिंगाने ती ८ मिमी.हून किंचित मोठी व ८०० मिमी. भिंगाने सुमारे १७ मिमी. होते. फिल्मवरील चौकट ३६ × २४ मिमी. मापाची असल्याने यांपैकी शेवटच्या चित्रातच पक्षी चौकटीत भरल्यासारखा दिसतो. हाच परिणाम ४०० मिमी. भिंग घेऊन पक्ष्यापासून ५ मी. अंतरावर गेल्यानेही साधतो. केंद्रांतर दुप्पट करणे किंवा अंतर निम्मे करणे, या दोन मार्गांमध्ये छायाचित्रकाराला निवड करावी लागते. पक्षी छायाचित्रणाच्या इतिहासात पहिली साठ-सत्तर वर्षे दुसऱ्या मार्गाचेच प्राबल्य होते, आणि त्याचे मोल पुष्कळदा पक्ष्यांना द्यावे लागले.

उगम : बहिर्गोल व अंतर्गोल भिंगांच्या योग्य संयोगाने मोठी वास्तव प्रतिमा मिळते, हे योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशकीवरील ग्रंथात दाखविले होते. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञांनी १८३० नंतरच्या दशकात दुर्बिणीचे वर्धन वाढविण्यासाठी अंतर्गोल भिंग वापरले व ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. छायाचित्रणात मात्र हे तत्त्व यायला १८९१ साल उजाडले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टॉमस रूडॉल्फस डॉलमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीथे व आडोल्फ श्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दूरछायाचित्रण भिंगे सिद्ध केली. डॉलमायर यांनी १८९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

या आरंभीच्या भिंगांत पुढील व मागील गटांमधील अंतर बदलून वर्धन कमीजास्त करता येत असे. सोय मोठी होती, पण वर्धन वाढविले की प्रकाश झपाट्याने घटे. भिंगाचा व्यास तोच ठेवून केंद्रांतर दुप्पट केले, तर फिल्मवरील प्रदीप्ती एक चतुर्थांश होते. हा भूमितीचा नियम आहे व त्यातून कोणत्याही निर्मात्याची सुटका झालेली नाही. त्या काळच्या काचपट्ट्यांवरील मंद पायसावर अशा भिंगाने उद्भासन देण्यास कित्येक सेकंद लागत. पर्वतशिखरे, किल्ले, मनोरे स्थिर उभे राहत असल्याने त्यांचे चित्रण उत्तम होई. फांदीवरचा पक्षी तेवढा वेळ थांबत नसे. जर्मनीतील बुश या कारखान्याने १९०५ मध्ये बिस-टेलार हे ठराविक केंद्रांतराचे व एफ/९ द्वारकाचे भिंग बाजारात आणले. तेव्हाच्या मानाने ते बरेच प्रकाशग्राही होते, तरीही उडत्या पक्ष्याच्या कामाचे नव्हते.

आणखी एक अडचण फारशी ध्यानात घेतली जात नाही, पण ती निर्णायक होती. त्या काळी कॅमेरे मोठ्या काचपट्टीचे असत. सुमारे १६ × १२ सेंमी. मापाच्या पट्टीसाठी २०० मिमी.च्या आसपासचे केंद्रांतर हेच सर्वसाधारण ठरते. त्यावर ४०० मिमी. भिंग बसविले तरी मिळणारा लाभ दुपटीचाच. तेच भिंग पुढे ३५ मिमी. फिल्मच्या कॅमेऱ्यावर आठपट लाभ देऊ लागले. लांब भिंगाचा खरा उपयोग होण्यासाठी आधी कॅमेरा लहान व्हावा लागला.

लपणाचा काळ : इंग्लंडमधील यॉर्कशरचे रिचर्ड व चेरी कीअर्टन हे बंधू पक्षी छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १८९२ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ एन्फील्ड येथे चेरी यांनी थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. त्यातून दोघांनी ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील सचित्र ग्रंथ तयार केला व तो १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनी आद्यंत सजविलेला हा पहिला ग्रंथ समजला जातो. त्यांची हत्यारे म्हणजे जड कॅमेरा, लांब दोर, उंच शिडी आणि युक्ती. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्यात छायाचित्रकार व कॅमेरा बसविला. या कृत्रिम बैलाची आज गंमत वाटते. मात्र लपण या साधनाचा तो पूर्वज होय आणि त्यामागील विचार पक्का होता : भिंग पक्ष्यापर्यंत पोचत नसेल तर माणसानेच अदृश्य होऊन पोचावे.

वन्य पशूंच्या बाबतीत वेगळा मार्ग निघाला. अमेरिकेतील जॉर्ज शायरस यांनी रात्री नावेतून हरणांच्या जवळ जाऊन मॅग्नेशियमाच्या भुकटीच्या झगझगाटात छायाचित्रे घेतली; त्यांतील ७४ चित्रे नॅशनल जिऑग्राफिक या नियतकालिकाने जुलै १९०६ च्या अंकात छापली. कार्ल गेओर्ख शिलिंग्झ या जर्मन शिकाऱ्याने पूर्व आफ्रिकेत रात्री झगझगाटाचा व दिवसा दूरछायाचित्रण भिंगाचाही वापर केला. त्यांचा ग्रंथ १९०५ मध्ये निघाला. त्यातील रात्रीच्या चित्रांनीच जगाचे लक्ष वेधून घेतले.

भारतात फ्रेडरिक वॉल्टर चँपियन या वनाधिकाऱ्यांनी संयुक्त प्रांतातील जंगलांत वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवण्याची पद्धत वापरली. वाघाचा पाय तारेला लागताच झगझगाट होऊन त्याचे चित्र त्याच्याच हातून निघे. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने बंदुकीऐवजी कॅमेरा ही कल्पना भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांपुढे ठेवली. जिम कॉर्बेट यांनी १९३० नंतरच्या दशकात वाघांचे चलचित्रण केले, तेव्हा त्यांना यंत्राच्या आवाजाची अडचण आली. जंगलातील एका ओढ्यावर त्यांनी छोटे बांध घालून पाण्याचा खळखळाट निर्माण केला व त्या आवाजात यंत्राची घरघर बुडविली. वाघ अगदी जवळ येत होते म्हणूनच असा खटाटोप करावा लागला. लांब भिंगाने हे चित्रण पन्नास मीटरांवरून झाले असते, तर आवाजाचा प्रश्नच उद्‌भवला नसता. परंतु सावलीतल्या वाघासाठी पुरेसा प्रकाश घेणारे तसे भिंग त्या वेळी त्यांच्या आवाक्यात नव्हते.

घरट्यापाशी लपण उभारणे ही दोन महायुद्धांमधील काळात पक्षी छायाचित्रणाची प्रमाणित रीत बनली. लपण एकदम न उभारता काही दिवसांत थोडे थोडे पुढे सरकवीत नेणे, आत जाताना सोबत दुसरा माणूस नेऊन त्याला परत पाठविणे म्हणजे पक्ष्याला धोका गेला असे वाटते, वगैरे तिचे नियम ठरले. एरिक हॉस्किंग हे या पद्धतीतील सर्वांत नामवंत ब्रिटिश छायाचित्रकार. १९३७ मध्ये वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याजवळील आपल्या लपणाकडे अंधारात जात असता पिल्लांच्या रक्षणासाठी चवताळलेल्या घुबडाने त्यांच्यावर झडप घातली व त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. त्यानंतरही त्यांनी अर्धशतकभर काम केले. या घटनेचा उल्लेख सहसा छायाचित्रकाराच्या धैर्याचे उदाहरण म्हणून होतो. घरट्यालगत माणसाचा वावर पक्ष्याला काय वाटतो, याचाही तो तितकाच बोलका दाखला आहे. सगळेच पक्षी झडप घालीत नाहीत. बहुतेक जण मुकाट्याने उडून जातात. मग उन्हात उघडी पडलेली अंडी करपतात, कावळा ती पळवितो किंवा चित्रणासाठी बाजूला सारलेल्या फांद्यांमुळे घरटे शत्रूच्या नजरेस पडते. त्या काळातील सुंदर चित्रांच्या मागे किती घरटी ओसाड पडली याची नोंद कोणी ठेवली नाही.

भारतीय पक्ष्यांच्या बाबतीत लोके वान थो यांचे काम या परंपरेतील अत्युच्च होय. मलायातील हे धनिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आश्रयाला आले. येथे सालिम अली यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला व दोघांनी कच्छसह अनेक भागांत एकत्र भ्रमंती केली. त्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. त्यातील पिसान्‌पीस दाखविणारी स्पष्टता मुख्यतः जवळून, लपणातून काम केल्याने आलेली आहे. १९६४ मध्ये तैवानमधील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

लहान कॅमेरा, लांब भिंग : लायका हा ३५ मिमी. फिल्मचा कॅमेरा १९२५ मध्ये विक्रीस आला. तथापि त्यातून दृश्य पाहण्याची खिडकी वेगळी असल्याने लांब भिंगाने नेमके काय टिपले जाईल हे दिसत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९३५ मध्ये आरसा असलेली जोड पेटी व तिच्यासाठी २०० मिमी. टेलिट भिंग काढण्यात आले. १९३६ मध्ये ३५ मिमी. फिल्मचा एकभिंगी परावर्ती कॅमेरा, एक्झाक्टा, आला. त्यात ज्या भिंगातून चित्र उमटते त्याच भिंगातून आरशाच्या साहाय्याने ते आधी पाहता येई. त्याच वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिक क्रीडासामन्यांसाठी त्साइस कारखान्याने १८० मिमी., एफ/२·८ हे भिंग तयार केले. लांब आणि तरीही भरपूर प्रकाश घेणारे भिंग ही कल्पना मैदानी खेळांच्या गरजेतून जन्मली आणि पुढेही पन्नास वर्षे खेळांच्या छायाचित्रकारांसाठीच अशी भिंगे प्रामुख्याने बनत राहिली. पक्षीप्रेमी त्यांचे दुय्यम ग्राहक होत.

१९५९ मध्ये निघालेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्यानंतर एकभिंगी परावर्ती रचना सर्वत्र रूढ झाली. आता प्रश्न उरला तो तीक्ष्णतेचा. साध्या काचेच्या भिंगात निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकत्र येतात. या वर्ण विपथनामुळे कडांना रंगीत झालर येते. दोन प्रकारच्या काचा जोडून तांबडा व निळा हे रंग जुळविता येतात, पण उरलेला दोष केंद्रांतराच्या प्रमाणात वाढतच जातो. ५० मिमी. भिंगात जो दोष नजरेला जाणवत नाही, तोच ५०० मिमी. भिंगात चित्र धुरकट करतो. भिंग नुसते लांब करीत नेल्याने प्रतिमा मोठी होते, तपशील मात्र वाढत नाही, असा अनुभव त्यामुळे येई.

यावर दोन उपाय निघाले. एक आरशाचा. परावर्तनाने रंग फाकत नाहीत म्हणून वर्ण विपथनाचा प्रश्नच राहत नाही, शिवाय प्रकाशाचा मार्ग दुमडला गेल्याने भिंग आखूड होते. रशियन शास्त्रज्ञ द्मीत्री माक्सूतोव्ह यांनी १९४१ मध्ये शोधलेल्या दुर्बिणीच्या रचनेवर आधारलेल्या सोव्हिएट एमटीओ-५०० या भिंगाला १९५८ च्या ब्रूसेल्स जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. ५०० मिमी. केंद्रांतर मिळूनही ही आरसाभिंगे हातात मावत आणि स्वस्तही असत. यांचे द्वारक एफ/८ वर कायम बांधलेले असते आणि मधल्या आरशामुळे पार्श्वभूमीवरील प्रकाशबिंदूंची कड्यांसारखी वर्तुळे उमटतात. पाण्याच्या चमचमाटावर घेतलेल्या बदकाच्या चित्रात ही कडी डोळ्यांना खुपतात. हौशी लोकांना या भिंगांनी प्रथमच लांब पल्ला मिळवून दिला, तरी जाणत्या छायाचित्रकारांनी ती फार काळ जवळ ठेवली नाहीत.

दुसरा उपाय काचेचाच होता. फ्ल्युओराइट या खनिजात प्रकाशाचे अपस्करण फारच अल्प होते. एर्न्स्ट आबे यांनी १८८० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकासाठी त्याचा उपयोग केला होता, परंतु निर्दोष नैसर्गिक स्फटिक लहानच मिळत. कृत्रिम रीतीने मोठे स्फटिक वाढविणे साध्य झाल्यावर जपानच्या कॅनन कारखान्याने १९६९ मध्ये ३०० मिमी., एफ/५·६ हे फ्ल्युओराइटयुक्त भिंग विक्रीस आणले. निकॉनने अल्प अपस्करणाची खास काच तयार केली. लांब भिंगे पूर्ण उघड्या द्वारकालाही तीक्ष्ण चित्र देऊ लागली, ती १९७० नंतरच्या दशकात. फ्ल्युओराइट उष्णतेने लवकर प्रसरण पावते. मोठ्या भिंगांना पांढरा रंग देण्याची प्रथा ऊन परतविण्याच्या गरजेतून पडली.

या काळातील एक साधे भिंग विशेष उल्लेखनीय आहे. १९७० मधील लायकाचे ४०० मिमी., एफ/६·८ टेलिट हे केवळ दोन काचा चिकटवून केलेले, नळी मागेपुढे सरकवून केंद्रीकरण करण्याचे, खांद्याच्या आधारावर धरण्याचे हलके भिंग होते. जर्मनीतील नोव्होफ्लेक्स कारखान्याच्या पिस्तुलासारखी मूठ असलेल्या भिंगांची रीतही अशीच होती : मूठ दाबली की केंद्रीकरण बदलते. उडत्या पक्ष्यांची चांगली चित्रे प्रथम अशा भिंगांनी मिळाली. काचा, बंधन किंवा किंमत यांपैकी कशातही ती पहिल्या प्रतीची नव्हती, पण हात चालत होता.

प्रकाशाचे गणित : केंद्रांतर वाढविण्याच्या मोहाला खरी मर्यादा फिल्मने घातली. रंगीत पारदर्शिकांसाठी सर्वमान्य झालेल्या कोडॅक्रोम ६४ या फिल्मचा विचार केल्यास स्वच्छ उन्हात एफ/५·६ द्वारकास सुमारे १/५०० सेकंद व एफ/८ द्वारकास १/२५० सेकंद उद्भासन मिळते. सकाळच्या कोवळ्या उजेडात किंवा झाडीच्या सावलीत हाच काळ आठपट वाढून १/६० व १/३० सेकंद होतो. भिंग हातात धरायचे तर शटरचा वेग केंद्रांतराच्या व्यस्तापेक्षा कमी नसावा, म्हणजे ४०० मिमी.साठी निदान १/४०० सेकंद असावा, असा ठोकताळा आहे. पक्षी सर्वांत चपळ असतात ती वेळ सकाळची. त्यामुळे नेमक्या त्याच वेळी आरसाभिंग बाळगणाऱ्याला तिवईचा आश्रय घ्यावा लागे व तिवईवरही पक्ष्याने मान हलविली की चित्र फसे. म्हणून ६०० मिमी., एफ/४ सारख्या भिंगांसाठी प्रचंड किंमत मोजली गेली. अशा भिंगाच्या द्वारकाचा व्यास १५० मिमी. येतो. एवढ्या मोठ्या काचेचे वजन व किंमत दोन्ही आपोआप वाढतात.

स्पष्टतेची खोली ही आणखी एक बाजू आहे. ४०० मिमी., एफ/५·६ भिंगाने १० मी. अंतरावर सुमारे २० सेंमी. खोलीचा पट्टा स्पष्ट उमटतो, ८०० मिमी. भिंगाने त्याच द्वारकास तो ५ सेंमी. उरतो. समोर तोंड करून बसलेल्या बुलबुलाचा डोळा स्पष्ट आला तर शेपटी अस्पष्ट येणारच. पार्श्वभूमी मऊ, एकरंगी करणारा हा गुण आज पक्षीचित्राचे सौंदर्य मानला जातो. पूर्वी घरटे, पिल्ले व भोवतालची झाडी यांसह चित्र घेण्याची रीत होती. लांब भिंगाने पक्ष्याला त्याच्या परिसरातून उचलून रिकाम्या पडद्यासमोर आणून बसविले. अभ्यासाच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे १९९१ पूर्वी अशी भिंगे दुर्मिळ होती. मद्रासचे निसर्गलेखक एम. कृष्णन् (१९१२–९६) यांनी निरनिराळ्या उपकरणांचे भाग जुळवून स्वतःचा बोजड कॅमेरा सिद्ध केला होता व त्याला विनोदाने ‘सुपर पाँडेरोसा’ असे नाव दिले होते. हत्ती, गवे, चितळ यांची त्यांची कृष्णधवल चित्रे प्राण्याच्या अवतीभवतीच्या रानासकट घेतलेली आहेत. आसामातील चहामळेवाले ई. पी. गी यांचा भारतीय वन्यजीवांवरील ग्रंथही (१९६४) याच पिढीतला. या मंडळींची भांडवली गुंतवणूक भिंगापेक्षा वेळेत अधिक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

इलेक्ट्रॉनिक युग : १९८५ मध्ये मिनोल्टाच्या कॅमेऱ्याने स्वयंचलित केंद्रीकरण यशस्वी करून दाखविले, १९८७ मध्ये कॅननने त्यासाठी भिंगाच्या आतच चलित्र बसविण्याची पद्धत स्वीकारली. नळीवर हात फिरविण्याचे जुने कौशल्य एका दशकात मागे पडले. १९९५ पासून प्रतिमा स्थिरीकरण आले. यात हाताचा कंप ओळखून भिंगातील एक गट विरुद्ध दिशेने हलविला जातो. १९९८ च्या १००–४०० मिमी. झूम भिंगात व १९९९ मध्ये कॅननच्या ३०० ते ६०० मिमी. मोठ्या भिंगांत ही सोय झाली. कंप हा भिंग धरणाऱ्याचा असेल तेवढाच यामुळे नाहीसा होतो, पक्ष्याची हालचाल मात्र तशीच राहते. हा भेद न कळल्याने पुष्कळांची निराशा झाली.

वजन कमी करण्याचे प्रयत्नही याच काळातले. कॅननच्या ६०० मिमी., एफ/४ भिंगाच्या १९९९ मधील आवृत्तीचे वजन ५·३६ किग्रॅ., २०१२ मधील ३·९२ किग्रॅ. व २०१८ मधील ३·०५ किग्रॅ. होते. शेवटच्या आवृत्तीत जड काचा पुढून मागे, कॅमेऱ्याच्या बाजूस नेल्याने भिंग हातात तोलणे सोपे झाले. विवर्तनावर आधारित घटक वापरून निकॉनने २०१८ मध्ये ५०० मिमी., एफ/५·६ भिंग केवळ १·४६ किग्रॅ. वजनात बसविले. दरम्यान २०१३ नंतर टॅमरॉन व सिग्मा यांची १५०–६०० मिमी. झूम भिंगे मध्यमवर्गाच्या आवाक्यातील किंमतीत मिळू लागली व भारतातील पक्षी छायाचित्रकारांची संख्या एकाएकी वाढली.

अंकीय कॅमेऱ्याने गणिताचा पायाच बदलला. संवेदकाची प्रकाशसंवेदनक्षमता जुन्या रंगीत फिल्मच्या पन्नास ते शंभर पट वाढविता येऊ लागली. १९९९ नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत संवेदक फिल्मच्या चौकटीहून दीडपटीने लहान असल्याने ४०० मिमी. भिंग ६०० मिमी.चे झाले, असे म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः भिंगाचे केंद्रांतर बदलत नाही, दृश्याच्या कडा तेवढ्या कापल्या जातात. २०२० मध्ये कॅननने आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी ६०० व ८०० मिमी. केंद्रांतराची एफ/११ भिंगे काढली. त्यांतील ६०० मिमी. भिंगाचे वजन एक किलोग्रॅमहूनही कमी आहे. त्याच्या द्वारकाचा व्यास सुमारे ५५ मिमी., म्हणजे एफ/४ भिंगाच्या मानाने ते सात-आठपट कमी प्रकाश घेते. फिल्मच्या काळात असे भिंग विकलेच गेले नसते आणि आरशाच्या कॅमेऱ्यात एवढ्या अल्प प्रकाशात स्वयंचलित केंद्रीकरणही झाले नसते.

निवडीचे निकष : अधिक लांब भिंग घेऊ पाहणाऱ्याने प्रथम केंद्रांतरांचे गुणोत्तर पहावे. ३०० मिमी.वरून ४०० मिमी.वर गेल्याने प्रतिमा एक-तृतीयांशानेच वाढते. चार पावले पुढे टाकल्याने कित्येकदा तेवढे साधते. ३०० वरून ६०० मिमी.वर जाणे हा खरा बदल. भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये बसविण्याच्या १·४ पट वर्धकाने द्वारकाचा एक टप्पा व २ पट वर्धकाने दोन टप्पे प्रकाश कमी होतो. पहिला चांगल्या भिंगाला सहसा मानवतो, दुसरा क्वचितच.

जागाही निवड ठरविते. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात वाहनातून उतरण्यास व रस्ता सोडण्यास मनाई असल्याने अंतर छायाचित्रकाराच्या हाती नसते. वाघ कधी शंभर मीटरांवर, कधी वाहनाच्या चाकाशी असतो; तेथे झूम भिंग उपयोगी पडते, ठराविक ६०० मिमी. भिंगात वाघाचे डोकेच मावेल. उजनी जलाशयाच्या पाणफुगवट्यावर भिगवणजवळ किंवा ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी नावेतून पाहिले जातात. हलत्या नावेत तिवई निरुपयोगी ठरते, तेव्हा हातात पेलेल तेवढेच वजन खरे. सोलापूर–पुण्याकडील माळरानांवर वेगळीच अडचण आहे. सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरू लागते आणि दीडशे मीटरांवरच्या धाविकेचे चित्र सर्वांत महाग भिंगानेही विरघळल्यासारखे येते. केंद्रांतर जितके जास्त तितकी ही थरथरही मोठी दिसते. तेथे भिंग बदलण्यापेक्षा पहाटे लवकर पोचणे श्रेयस्कर.

भिंगाच्या लांबीचा संबंध कायद्याशीही येतो. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळित करण्याचा समावेश केला आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९८१ च्या अधिनियमानुसार दुर्मिळ जातींच्या पक्ष्यांना घरट्याजवळ हेतुपुरस्सर त्रास देणे हा गुन्हा असून तेथील छायाचित्रणास अनुज्ञप्ती घ्यावी लागते. अनेक स्पर्धांत घरट्यावरील चित्रे स्वीकारली जात नाहीत. कीअर्टन बंधूंनी ज्या प्रकारापासून आरंभ केला, तोच प्रकार यामुळे जवळजवळ बाद झाला आहे. हे शक्य झाले त्यात लांब भिंगाचा मोठा वाटा आहे, कारण पक्षी खाताना, न्हाताना, उडताना दुरून टिपता येऊ लागल्यावर घरट्यापाशी जाण्याची निकड राहिली नाही.

मात्र भिंग लांब असले म्हणजे धरणारा दूर थांबतोच असे नाही. ६०० मिमी.च्या भिंगाने बुलबुल चौकटीत भरला की छायाचित्रकाराला त्याचे केवळ डोके हवेसे वाटू लागते आणि तो आणखी पुढे सरकतो. पक्षी मान ताठ करून एकटक पाहू लागला, चरणे थांबवून चालू लागला किंवा अंगावरील पिसे चापून बसविली, तर अंतर कमी झाले आहे असे समजावे. अनुभवी लोक याच क्षणी मागे येतात. पक्ष्याच्या या खुणा लांब भिंगातून उलट अधिक स्पष्ट दिसतात.